पेरुंगुडीच्या वेशीवरची वर्गणी

जुन्या महाबलीपुरम रस्त्याने चेन्नईबाहेर पडताना तरमणी संपते आणि पेरुंगुडी सुरू होते. आज इथे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, जवळच पल्लीकरणैची पाणथळ आणि तिच्या कडेला शहराचा कचरा डेपो. साठ वर्षांपूर्वी हा सगळा भाग मद्रासबाहेरचा, खेड्यांचा होता. पेरुंगुडी महापालिकेत आली तीच मुळी २०११ मध्ये.

याच वेशीवर, तरमणीला, डॉ. के. एस. संजीवी यांनी एक रुग्णालय उभारलं. मद्रासमधले ते नामांकित वैद्यकीय प्राध्यापक. १९५८ मध्ये त्यांनी ‘व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस’ ही संस्था नोंदवली. १९६१ मध्ये नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९६३ पासून रुग्ण येऊ लागले. संजीवींना धर्मादाय दवाखाना नको होता, आणि पैसेवाल्यांसाठीचं नर्सिंग होमही नको होतं. त्यांनी ‘मेडिकल एड प्लॅन’ काढला. कुटुंबाने वर्षाला वर्गणी भरायची, आणि ती किती हे कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरायचं. त्या बदल्यात घरातल्या सगळ्यांची वार्षिक तपासणी आणि उपचारांत सवलत. अगदी गरिबाला उपचार फुकट.

म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने हा हिशेब फार सोयीचा होता. निवृत्तीनंतर मिळकत घटते, म्हणजे वर्गणीही घटणार. वयाचा प्रश्न दरपत्रकात नव्हताच. संस्थेने भोवतालच्या खेड्यांत छोटी आरोग्य केंद्रंही उघडली, सुमारे पाच हजार वस्तीमागे एक. १९७१ मध्ये संजीवींना पद्मभूषण मिळालं.

पण योजनेला एक भोक होतं, आणि ते विमा चालवणाऱ्या कुणालाही लगेच दिसेल. आजारी पडल्यावरही नाव नोंदवता येत असे. मग धडधाकट माणूस वर्गणी कशाला भरेल? दुखणं आलं की नोंदणी, बरं वाटलं की नूतनीकरणाला दांडी. अशा वर्गणीतून रुग्णालयाचा खर्च निघणं शक्यच नव्हतं. सरकारी अनुदान आणि देणग्यांचा टेकू लागायचाच.

हे भोक बुजवायची युक्ती सापडली ती आपल्याकडे, वर्धा जिल्ह्यात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेल्या खेड्यांत डॉ. उल्हास जाजू यांनी आरोग्य विमा उभा केला आणि हप्ता घेतला ज्वारीत. सुगी झाली की धान्य गोळा व्हायचं, ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. अट एकच, पण कडक: गावातली बहुतेक कुटुंबं, साधारण पंचाहत्तर टक्के, सामील झाली तरच गाव योजनेत. एकट्या आजाऱ्याला मागच्या दाराने शिरता येईना. गंमत अशी की म्हातारपणाची ठरलेली दुखणी तिथेही वेगळ्या रकान्यात पडली. अचानक आलेल्या आजाराला भरती मोफत होती, पण मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या आधी कळणाऱ्या शस्त्रक्रियांना केवळ काही टक्के सवलत.

बाजारातला विमा दुसऱ्या वाटेने आला. १९८३ मध्ये चेन्नईतच अपोलो रुग्णालय सुरू झालं आणि खासगी उपचारांची बिलं मध्यमवर्गाच्या बोलण्यात आली. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्यात आधीपासूनचे आजार वगळलेले असत, आणि पुढे हप्ता वयोगटानुसार चढत गेला. साठीनंतर तर नवी पॉलिसी मिळणंच मुश्कील. २००६ मध्ये चेन्नईतच स्टार हेल्थ ही फक्त आरोग्य विम्याची पहिली कंपनी निघाली. तिने ज्येष्ठांसाठी वेगळी पॉलिसी काढली, दाव्यातला ठरावीक वाटा मात्र ग्राहकाच्याच खिशातून.

उत्पन्नाचा प्रश्न पुन्हा विचारला तो सरकारने. तामिळनाडूत २००९ मध्ये करुणानिधींच्या काळात कलैञर विमा योजना आली, २०१२ मध्ये जयललितांनी तिच्या जागी मुख्यमंत्र्यांची सर्वसमावेशक योजना आणली. वर्षाला ७२ हजारांच्या आत उत्पन्न असलेली कुटुंबं तेव्हा पात्र होती. म्हणजे पेरुंगुडीतला बेताच्या पेन्शनवर जगणारा निवृत्त कारकूनही बाहेर राहू शकत होता. ना गरीब, ना श्रीमंत, नुसता म्हातारा.

२०२४ आणि २०२५ मध्ये नियम भराभर बदलले. एप्रिल २०२४ पासून फक्त ६५ वर्षांपर्यंत नव्हे, तर सर्व वयोगटांसाठी विमा देऊ करणं कंपन्यांवर बंधनकारक झालं, आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ वर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सर्वांना खुली झाली, पाच लाखांपर्यंत, उत्पन्न न विचारता. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना बजावलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. यातलं बहुतेक भरतीपुरतं. रक्तदाबाची रोजची गोळी आणि मधुमेहाची तपासणी यांचे पैसे अजूनही बहुतेक घरांत महिन्याच्या किराण्याबरोबरच बाजूला काढले जातात.