मक्याचा ‘प्रवास’ : हिदात्सा बागांतील वाणांची नावे आणि त्यांची राखण

१

पिकांच्या इतिहासाची साधने सामान्यतः दोन प्रकारची मानली जातात : उत्खननात सापडणारे दाणे व कणसे, आणि प्रवासी, व्यापारी व सरकारी अधिकारी यांची टिपणे. पहिल्यांवरून पिकाचे वय कळते, दुसऱ्यांवरून त्याचा व्याप. परंतु एकाच पिकाची अनेक वाणे शेजारीशेजारी लावली जात असताना ती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळून कशी गेली नाहीत, या प्रश्नाचे उत्तर दोहोंतही क्वचितच मिळते. ते उत्तर बी राखणाऱ्या स्त्रियांपाशी होते, आणि त्यांचे शब्द टिपून घेण्याची आवश्यकता फारशी कोणास भासली नाही. उत्तर अमेरिकेतील मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यात राहणाऱ्या हिदात्सा लोकांचा मका हा या बाबतीत एक मोलाचा अपवाद होय.

या अपवादाचे श्रेय मुख्यतः माखिदिवियाश या हिदात्सा स्त्रीस द्यावे लागते. इंग्रजी ग्रंथांत ती ‘बफेलो बर्ड वूमन’ या नावाने ओळखली जाते. तिचा जन्म १८३९ च्या सुमाराचा, मृत्यू १९३२ मधील. गिल्बर्ट विल्सन या मानवशास्त्रज्ञाने तिच्या तोंडून शेतीची संपूर्ण हकीकत उतरवून घेतली व १९१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचा प्रबंध म्हणून ती प्रसिद्ध केली. दुभाषा होता तिचाच मुलगा एडवर्ड गुडबर्ड. म्हणजे मूळ शब्द आईचा, इंग्रजी वाक्य मुलाचे आणि मांडणी विल्सनची, असे या साधनाचे तीन थर आहेत. तथापि वाणांची नावे विल्सनने हिदात्सा भाषेतच नोंदविली, ही गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने फार उपकारक ठरली आहे.

२

हिदात्सा बाग ही घराच्या मागील दारी नसे. माळरानावरील गवताची मुळे हाडाच्या कुदळीला दाद देत नसत. म्हणून नदीकाठच्या मऊ गाळाच्या जमिनीत बागा केल्या जात. मात्र मालकी व मशागत या दोन्ही दृष्टींनी ती घराचीच बाग होती. एका घरातील आजी, आई, मावश्या व मुली मिळून ती कसत. खणण्यास टोकदार काठी, कुदळीसाठी रानगव्याच्या खांद्याचे हाड, अशी अवजारे असत. रानगूसबेरीच्या झुडपांची पाने जवळजवळ पुरी फुटली की मका पेरण्याची वेळ झाली, असे समजत. पीक वाढू लागले की मुली बागेतील माचाणावर बसून कावळ्यांपासून त्याची राखण करीत आणि मक्याला गाणी म्हणून दाखवीत.

या बागांत मक्याची मुख्य वाणे पाच होती. ‘अताकि त्सोकि’ म्हणजे कठीण पांढरा, ‘अताकि’ म्हणजे मऊ पांढरा, ‘त्सिदि त्सोकि’ म्हणजे कठीण पिवळा, ‘त्सिदि तपा’ म्हणजे मऊ पिवळा, आणि पाचवे ‘माइकादिशाके’, म्हणजे चिकट मका. पहिल्या चार नावांची घडण पाहण्यासारखी आहे. रंग आणि दाण्याचा कठीणपणा या दोन कसोट्या एकमेकींशी जोडून ही नावे बनली आहेत. पांढऱ्या मक्यात मऊ दाण्याला विशेषण लागत नाही, ते कठीण दाण्याला लागते. यावरून बोलणाऱ्यांच्या मनात पांढरा मका म्हटला की प्रथम मऊ दाणाच उभा राहत असावा, असे अनुमान करावयास हरकत नाही. पाचव्या नावात मात्र रंगाचा निर्देश नाही. हा मका मुख्यत्वे भाजून, कुटून, त्याचे लाडू वळण्यासाठी वापरीत, आणि नावही त्याच्या गुणावरून पडले.

प्रत्येक वाणाचा उपयोग वेगळा असल्यामुळे त्यांची सरमिसळ होऊ देणे परवडणारे नव्हते. वाणे शुद्ध राखण्याचे हेच कारण माखिदिवियाशने स्पष्टपणे सांगितले आहे.

३

सरमिसळीचे वर्णन हिदात्सा लोक ज्या शब्दांत करीत ते अधिकच लक्षणीय आहे. मका ‘प्रवास करतो’, असे ते म्हणत. पांढऱ्या मक्याच्या शेजारी पिवळा लावला, तर सरहद्दीजवळच्या पिवळ्या कणसांत पांढरे दाणे निघतात. दूर एकटे असलेले पांढऱ्याचे शेत मात्र पांढरेच राहते. हे कोणत्या शक्तीने घडते ते आपणास ठाऊक नव्हते, घडते एवढे ठाऊक होते, असेही ती प्रांजळपणे सांगते.

परागकण वाऱ्याबरोबर जातात आणि परक्या परागाचा परिणाम मक्यात त्याच हंगामातील दाण्यावर दिसतो, ही गोष्ट आज सर्वपरिचित आहे. परंतु तिचा शास्त्रीय उलगडा दुहेरी फलनाच्या शोधानंतर, १८९९ मध्ये, द व्हरीस व कोरेन्स यांनी केला. हिदात्सा स्त्रियांपाशी उलगडा नव्हता. निरीक्षण होते, आणि ते निरीक्षण पुढच्या पिढीला सहज देता येईल असे एक क्रियापद होते.

४

बी निवडण्याची रीतही तितकीच काटेकोर होती. उत्तम कणसांच्या पानांची वेणी घालीत. एका वेणीत ५४ किंवा ५५ कणसे बसत. पेरणीसाठी कणसाच्या दोन्ही टोकांचे दाणे वगळून मधलेच घेत. दुसऱ्या वर्षापर्यंत बी चांगले उगवते, तिसऱ्या वर्षी त्याचा जोम कमी होतो, हे त्यांस माहीत होते. म्हणून एका हंगामात निदान दोन वर्षांचे बी राखीत. ज्या घरचे बी संपे ते दुसरीकडून विकत घेई, आणि अशा एका वेणीस कमावलेले रानगव्याचे एक कातडे पडे. बियाण्याची प्रतिष्ठा किती होती हे या एका व्यवहारावरून कळते.

५

ही व्यवस्था ज्या आघातांतून गेली ते सामान्य नव्हते. १८३७ च्या देवीच्या साथीत शेजारची मंदान जमात जवळजवळ नामशेष झाली, हिदात्साही फार घटले. उरलेल्यांनी १८४५ च्या सुमारास ‘लाइक-अ-फिशहूक’ हे गाव वसविले. १८८० नंतरच्या दशकात तेही सोडून कुटुंबे सरकारने वाटून दिलेल्या जमिनींवर विखुरली. तरीही वाणे टिकली. १९११ मध्ये राखीव प्रदेशातील कृषिप्रदर्शनात मक्याचे पहिले बक्षीस माखिदिवियाशला मिळाले. जमीन तेवढी नांगराने फोडलेली होती; बाकी सर्व मशागत तिने जुन्या पद्धतीने, कुदळीनेच केली होती.

त्याच काळात बिस्मार्क येथील ऑस्कर विल हा बियाण्यांचा व्यापारी या जमातींकडील मक्यापासून तयार केलेली वाणे विकीत होता. त्याच्या सूचीतील एक नाव ‘डकोटा व्हाइट फ्लिंट’ असे आहे. रंग व कठीणपणा या दोन्ही जुन्या कसोट्या त्यात राहिल्या, प्रदेशाचे नाव नव्याने आले, आणि ज्यांनी वाण घडविले त्यांची भाषा मात्र गळाली. पुढे १९५३ मध्ये गॅरिसन धरणाचे पाणी अडविण्यात आले. राखीव प्रदेशाची १,५०,००० एकरांहून अधिक जमीन त्या प्रकल्पात गेली, आणि तीत नदीकाठची हीच गाळाची जमीन होती. बी अन्यत्र नेता आले. बाग नेता आली नाही.

६

मराठी अभ्यासकाला या हकीकतीत अपरिचित असे फार थोडे आहे. मालदांडी, दगडी, गूळभेंडी ही ज्वारीची नावे अशाच निवडीची व अशाच उपयोगभेदाची साक्ष देतात. गूळभेंडीचे नाव काढताच हुरडा आठवतो. वाणाचे नाव ही केवळ खूणचिठ्ठी नव्हे. कोणता दाणा कशासाठी, कोणापासून दूर लावावयाचा आणि कोणता पुढील वर्षासाठी ठेवावयाचा, याचा तो संक्षेप असतो. बीजकोशातील बंद डबीत दाणा टिकविता येतो. हा संक्षेप मात्र बोलणाऱ्याच्या तोंडूनच मिळवावा लागतो. माखिदिवियाशची हकीकत उतरवून घेतली गेली तेव्हा ती सत्तरी ओलांडून गेली होती. आपल्याकडील वाणांची नावे नोंदविण्याचे काम किती निकडीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.