शरणपूर

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून जाताना या नावामागची हकिगत क्वचितच आठवते. पूर्व आफ्रिकेतून विक्रीसाठी नेलेली मुले ब्रिटिश आरमार भर समुद्रात गलबतांवरून सोडवी व त्यांतली काही मुंबईत आणी. १८५०च्या दशकात ख्रिस्ती मिशनने वसवलेल्या शरणपुरात त्यांना आसरा, अक्षरओळख आणि हाताला हुन्नर मिळाला. धर्म मात्र नवा घ्यावा लागला. १८७३ साली वारलेल्या लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांत इथलाच जेकब वेनराइट होता. १८७५च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसले. तिथे नव्याने सुटलेल्यांना सावरायला नाशिकचीच माणसे गेली. सुटलेल्यानेच सुटलेल्याला हात दिला.

माणसे विकणाऱ्या त्या व्यापाऱ्यांत आपले धर्मबांधवही होते, हे लपवू नये. कुरआनने तर जकातीच्या आठ वाट्यांतला एक गुलामांच्या मुक्तीसाठी ठेवला आहे. गुलामी कायद्याने संपली, म्हणून तो वाटा संपला काय? माणसांची खरेदी-विक्री आजही चालू आहे. कुंटणखान्यातून सुटून आलेल्या मुलीला मोहल्ल्यात घर, काम आणि सलामाला जबाब मिळेल, तेव्हाच तिची सुटका पुरी होईल.