जुन्या मुंबईचीं छायाचित्रें व त्यांचा कालनिर्णय

हस्तलिखित पोथी हातीं आली म्हणजे आपण प्रथम तिची पुष्पिका पाहतों, मग कागद, शाई व अक्षराचें वळण. पुष्पिकेंतील शक यांच्याशीं जुळला नाहीं तर त्या शकावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. तीच मंडळी जुन्या छायाचित्रामागें पेन्सिलीनें लिहिलेला सन मात्र निमूटपणें मान्य करितात, याचें आम्हांस नवल वाटतें.

आमच्या संग्रहांत मुंबईच्या कोटांतील एक छायाचित्र आहे. त्याच्या पाठीमागें ‘चर्चगेट, सन १८५५’ असें लिहिलेलें आहे. चित्रांत दरवाजा मुळींच नाहीं. आहे तें फ्लोरा फाउंटन. सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्यें मुंबईचे गव्हर्नर झाले व त्यांच्या कारकीर्दींत कोटाचा तट पाडला गेला. सेंट टॉमस चर्चमुळें ज्यास चर्चगेट म्हणत, त्या दरवाजाच्या जागीं हें कारंजें १८६९ मध्यें उभें राहिलें. शिवाय रस्त्यावर रूळ असून त्यांवर घोडे जुंपलेली ट्राम आहे. ही ट्राम मुंबईंत १८७४ मध्यें सुरू झाली, आणि विजेची ट्राम १९०७ मध्यें आली. तेव्हां चित्राची पूर्वमर्यादा १८७४ ठरते, आणि माथ्यावर तारा कोठेंच नसल्यानें उत्तरमर्यादा १९०७. लिहिणारानें लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. दरवाजा गेला तरी नांव राहिलें, तें आज रेल्वे स्टेशनास आहेच. नांवावरून त्यानें सनाचा अंदाज केला असावा.

हा वीस वर्षांचा फरक क्षुल्लक नव्हे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्यें स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. जॉन्सन व हेंडरसन यांची छायाचित्रमाला १८५६ ते १८५८ या काळांतली. म्हणजे छायाचित्रकला मुंबईंत रुजली आणि तट नाहींसा झाला, यांमध्यें जेमतेम दहाबारा वर्षें गेलीं. उभ्या तटाचें अस्सल चित्र तेवढ्याच अवधींतलें असूं शकतें. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ मध्यें निघालें; असें चित्र सांपडल्यास तें या ग्रंथाशेजारीं ठेवून वाचावें.

अस्सल चित्रासही सर्व कांहीं विचारूं नये. कोलोडिअनच्या ओल्या कांचेवर प्रकाश कांहीं सेकंद पडूं द्यावा लागे; तेवढ्यांत चालणारा मनुष्य चित्रांत उमटत नसे किंवा धुरकट उमटे. त्यावरून रस्ते ओस होते असा निष्कर्ष काढणारा लेख आम्ही वाचला आहे! दुसरा धोका प्रक्षेपाचा. विल्यम जॉन्सन यांनीं मुंबईंतील नाना जातींच्या लोकांवर १८६३ व १८६६ मध्यें दोन भाग प्रसिद्ध केले. त्यांत माणसांचीं चित्रें निराळ्या पार्श्वभूमीवर जोडलेलीं आहेत. पगडी, अंगरखा, लुगडें यांच्यासाठीं तीं उत्तम साधन आहेत. परंतु मागील देखावा त्या माणसांच्या वस्तीचा पुरावा नव्हे. पोथींत कोणी श्लोक घुसडला म्हणून आपण सगळी पोथी टाकीत नाहीं, तोच न्याय येथें.

खरी हानि मात्र बाजारांत होते. वर सांगितलेलें चित्र आम्हांस एका जुन्या सामानाच्या दुकानदारानें विकलें. तें कोठलें, असें विचारतां त्यानें सहज सांगितलें कीं, आल्बम एकच होता, पानें सुटीं केल्यानें किंमत अधिक आली. आल्बम कोणाचा, पानांचा क्रम काय, शेजारच्या पानावर काय होतें, हें सर्व त्या कात्रीनें गेलें. आणि तीं पानें घेणारे कोण, तर आपणच. आम्हीही एक घेतलेंच.

आमच्या पानाच्या उजव्या कोपऱ्यांत तांबड्या शाईनें १७ हा आंकडा आहे. अशाच शाईचा व हाताचा आंकडा असलेलीं पानें ज्या संग्राहकांजवळ असतील, त्यांनीं आंकडा व मागील मजकूर जशाचा तसा उतरवून मंडळाकडे धाडावा. आमचें पान त्यांजबरोबर ठेवण्यास आम्ही देऊं.