विस्कळीत लाटांतून लहरींच्या प्रवासाचा वेध

तळ्यात खडा टाकला की तरंग किती वेळात दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो, हे मोजता येते. मात्र खडा न टाकता, वाऱ्याने उठलेल्या विस्कळीत लाटांवरूनही हेच काढता येते.

यवतमाळ जिल्ह्यातील नेरजवळच्या एखाद्या तलावाचे उदाहरण घेऊ. तलावात दोन तरंगते मापक ठेवून पाण्याची वरखाली हालचाल सतत नोंदवली, तर दोन्ही नोंदी अर्थहीन वाटतील. पण पहिल्या मापकाजवळून दुसऱ्याकडे गेलेली प्रत्येक लाट दोन्ही नोंदींत, ठरावीक अंतराने उमटलेली असते. म्हणून एक नोंद थोडी थोडी पुढे सरकवून दुसरीशी ताडून पाहतात. सरासरी घेतली की असंबद्ध लाटा एकमेकींना रद्द करतात आणि त्या ठरावीक अंतरावर जुळणी ठळक होते. या ताडण्याला ‘सहसंबंध’ म्हणतात. पहिल्या ठिकाणी खडा टाकून दुसऱ्या ठिकाणी जे दिसले असते, त्याला गणितात ‘ग्रीन फलन’ म्हणतात. सहसंबंधातून त्याचाच अंदाज मिळतो.

यात दोन अडचणी आहेत. वारा एकाच दिशेने वाहत असेल, तर उत्तर एकांगी येते; लाटा सर्व दिशांनी याव्या लागतात. शिवाय खोल पाण्यात लांब लाटा वेगाने धावतात. 1 मीटर लांबीच्या लाटेचा माथा सेकंदाला सुमारे 1.25 मीटर, तर 25 सेंटिमीटरच्या लाटेचा त्याच्या निम्म्याच वेगाने जातो. म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या लाटा निराळ्या तपासाव्या लागतात.

हीच युक्ती जमिनीलाही लागू पडते. समुद्राच्या लाटांमुळे भूपृष्ठात सतत मंद थरथर असते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नेरसारख्या ठिकाणीही ती संवेदनशील भूकंपमापकाला जाणवू शकते. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील महिन्याभराच्या अशा नोंदींवरून भूगर्भाचे नकाशे तयार केले. गाळाच्या खोऱ्यांत लहरी मंद, तर कठीण खडकाच्या डोंगरांत वेगवान आढळल्या.

महाराष्ट्राला याचे मोल मोठे आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने जमिनीखालची रचना जाणून घेण्याची निकड दाखवली. राज्याचा बराचसा भाग बेसाल्टच्या थरांनी झाकलेला आहे. त्याखाली काय आहे, हे शोधताना या पद्धतीत स्फोट घडवावे लागत नाहीत आणि पुढच्या भूकंपाची वाटही पाहावी लागत नाही.