खुले वेळापत्रक : प्रवाशाचा हक्क

बस किंवा गाडी केव्हा येईल, हा प्रवाशाचा प्रश्न तसा साधा. परंतु त्याचे उत्तर दीर्घकाळ वाहतूक संस्थेच्या दप्तरात, स्थानकावरील फलकावर वा छापील पुस्तिकेत अडकून पडलेले असे. दोन संस्थांच्या वाहनांनी प्रवास करावयाचा असल्यास दोन्ही वेळापत्रके जुळवून पाहण्याचे काम प्रवाशालाच करावे लागे. आज हेच काम मोबाइल काही क्षणांत करतो. त्यामागील व्यवस्थेची ओळख आम्ही वाचकांना येथे करून देत आहोत.

पोर्टलंड येथील प्रारंभ

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहर व त्याच्या आसपासच्या परिसरात ट्रायमेट ही सार्वजनिक संस्था बस व रेल्वे सेवा चालविते. तेथील माहिती-तंत्रज्ञान विभागातील अधिकारी बिबियाना मॅकह्यू यांना परगावी फिरताना एक गोष्ट खटकली. मोटारीने जाण्याचा मार्ग संगणकावर सहज सापडे. बसने कसे जावे, हे मात्र सापडत नसे. २००५ साली त्यांनी गूगल कंपनीशी संपर्क साधला. तेथील अभियंता ख्रिस हॅरेल्सन याच विषयावर प्रयोग करीत होते. ट्रायमेटने आपले वेळापत्रक त्यांच्या हाती दिले आणि डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडसाठी ही सेवा सुरू झाली. सप्टेंबर २००६ मध्ये आणखी पाच अमेरिकन शहरे तिच्यात सामील झाली.

माहितीची रचना

या माहितीसाठी जो नमुना ठरला तो जीटीएफएस या नावाने ओळखला जातो. यातील ‘जी’ हे अक्षर प्रथम गूगलसाठी होते. तथापि नमुना सर्वांचाच झाल्यामुळे २००९ साली नाव बदलण्याची सूचना पुढे आली, आणि आता त्या अक्षराचा अर्थ ‘जनरल’, म्हणजे सर्वसाधारण, असा आहे.

या नमुन्यात साध्या मजकुराच्या काही फायली असतात. एका फायलीत थांब्यांची नावे व त्यांचे अक्षांश-रेखांश, दुसरीत मार्ग, तिसरीत फेऱ्या, चौथीत प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरील वेळ आणि पाचवीत सेवेचे वार व तारखा. सुटीच्या दिवसाचे फेरबदल वेगळे नोंदविता येतात. मध्यरात्रीनंतर दीड वाजता येणारी बस आदल्या दिवसाच्या सेवेतील असेल, तर तिची वेळ २५:३० अशी लिहितात. रचना जाणूनबुजून सोपी ठेवली आहे. त्यामुळे लहान गावाच्या वाहतूक संस्थेलाही साध्या तक्त्याच्या साहाय्याने ती भरता येते. गाडीला झालेला उशीर वा रद्द झालेली फेरी तत्काळ कळविणारा जोडनमुना २०११ साली आला.

मालकी कोणाची?

माहिती एखाद्या कंपनीला देणे आणि ती सर्वांना खुली करणे, यांत फरक आहे. खुल्या माहितीवर विद्यार्थी, संशोधक वा छोटा व्यावसायिक, कोणीही उपयुक्त साधन घडवू शकतो. २००९ साली ट्रायमेटच्याच पुढाकाराने ओपनट्रिपप्लॅनर ही मुक्त संगणकप्रणाली आकारास येऊ लागली. पुढे नॉर्वे व फिनलंड येथील राष्ट्रीय सेवांनीही ती स्वीकारली.

हा विचार सर्वत्र सहज रुजला नाही. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली वेळापत्रकावर स्वामित्वहक्क सांगून एका अ‍ॅपनिर्मात्याकडे शुल्क मागण्यात आले होते. टीका झाल्यावर तेथील प्राधिकरणाने धोरण बदलले व २०१० साली माहिती खुली केली. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमान्वये सदस्य राष्ट्रांना प्रवासविषयक माहिती एका राष्ट्रीय प्रवेशस्थानी उपलब्ध करण्यास सांगितले. आपल्या देशात २०१८ साली कोची मेट्रोने व दिल्ली शासनाने या दिशेने पाऊल टाकले.

जबाबदारी

फाईल एकदा प्रसिद्ध केली म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र नाही. मार्ग बदलतात, थांबे हलतात, ऋतुमानानुसार फेऱ्या कमी-अधिक होतात. जुनी माहिती तशीच राहिली, तर रात्रीच्या शेवटच्या बसची वाट पाहणारा मनुष्य कधीच न येणाऱ्या बससाठी थांब्यावर उभा राहतो. त्याच्यापाशी स्वतःचे वाहन नसते, म्हणूनच तो तेथे असतो.

वेळापत्रक हे सार्वजनिक संस्थेने प्रवाशाला दिलेले वचन होय, असे आम्हांस वाटते. ते वचन सर्वांना वाचता यावे आणि रोज खरे राहावे, एवढीच या खुल्या माहितीमागील अपेक्षा आहे.