बंदिशाळेंतील पाठशाळा

ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठीं इतिहासावर कांहीं लिहावें अशी मंडळाची सूचना आली, तेव्हां आमच्या मनांत प्रथम उभा राहिला तो गेल्या पावसाळ्यांतील एक प्रसंग. आमच्याच धर्मग्रामांतील एक गृहस्थ छत्री मिटून पडवींत बसला आणि म्हणाला, "फादर, अकरा वर्षें आखातांत काढलीं. नोकरी गेली. घराचें कर्ज आहे. आतां चाळिशीनंतर मी येथें नवें काय शिकूं आणि काय करूं?" आम्ही उत्तर दिलें कीं, देव जें करितो तें आपल्या बऱ्यासाठींच करितो. तो "होय, फादर" म्हणाला, छत्री उघडून पावसांत निघून गेला. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहतांना आमचें उत्तर आम्हांसच हलकें वाटलें. तें खोटें नव्हतें. परंतु त्यांत त्याच्या उद्यांच्या सकाळीं उपयोगीं पडेल असें कांहींच नव्हतें. हा लेख म्हणजे त्या बांधवास आमचें दुसरें उत्तर होय, आणि तें आम्ही एका पूर्वजाच्या चरित्रांतून शोधून काढलें आहे.

सावंतवाडींतील आपल्यापैकीं पुष्कळ घराण्यांचें मूळ गोव्यांत आहे, हें वाचकांस सांगावयास नको. त्याच गोव्यांतील साष्टी प्रांतीं, बाणावली गांवीं, २१ एप्रिल १६५१ रोजीं जोजेफ वाझ यांचा जन्म झाला. वडिलांचें गांव सांकवाळ. १६७६ सालीं ते धर्मगुरु झाले. पुढील वर्षीं त्यांनीं पवित्र मरियेचा दास म्हणून स्वतःस लेखी वाहून घेतलें. विद्या होती, शील होतें, आवाज गोड होता. परंतु त्या काळीं गोव्यांतील युरोपीय धर्मसंघ, अपवाद वगळतां, एतद्देशीयांस आपल्यांत घेत नसत. ज्या सभेनें त्यांस वेदीपाशीं उभें केलें, तिच्याच मठांचीं दारें त्यांस बंद होतीं.

येथें पहिला धडा आहे. दार बंद आहे म्हणून वाझ रडत बसले नाहींत, आणि दारावर धोंडेही मारीत बसले नाहींत. जुन्या गोव्यांत सांताक्रुझ दुस मिलाग्रिस या मंदिरापाशीं कांहीं स्थानिक धर्मगुरु एकत्र राहूं लागले होते. २५ सप्टेंबर १६८५ रोजीं वाझ त्यांस मिळाले, आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. रोमचे संत फिलिप नेरी यांच्या संघाचे नियम त्यांनीं स्वीकारले. या संघास परमगुरुस्वामींची मान्यता मिळाली ती १७०६ सालीं, म्हणजे एकवीस वर्षांनीं. मिलाग्रिस हें नांव आपणां सावंतवाडीकरांस परकें नाहीं. त्याच नांवाच्या आश्रयाखालीं आपल्या लोकांनीं आपला पहिला धर्मसंघ उभारला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

तथापि इतिहास लिहावयाचा तर उणीवही लिहिली पाहिजे. गोऱ्यांनीं ज्यांस बाहेर ठेविलें, त्यांनींही आपल्या संघांत केवळ ब्राह्मणवंशीय ख्रिस्ती धर्मगुरूंसच प्रवेश ठेविला. अपमानाचा अनुभव घेतलेल्या माणसांनीं तोच अपमान खालीं पोंचविला. यावरून एवढें दिसतें कीं, संकट हें स्वतः कोणाचा गुरु होत नाहीं. त्यापासून काय शिकावें हें ज्यानें त्यानें ठरवावें लागतें. आणि चांगलीं माणसेंही पुष्कळदां अर्धेंच शिकतात.

आतां लंकेकडे वळूं. वलंदेजांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना पोर्तुगीजांपासून घेतलें आणि कॅथॉलिक धर्मगुरूंस बेटांतून घालवून दिलें. धर्मगुरूस आसरा देणारासही कडक शिक्षा ठेविली. सुमारें तीस वर्षें तेथील श्रद्धावंतांस मिस्सा नव्हती, प्रायश्चित्तसंस्कार नव्हता. वाझांनीं तरुणपणींच तेथें जाण्याची इच्छा धरिली होती. परंतु वरिष्ठांनीं त्यांस १६८१ सालीं कानरा प्रांतीं पाठविलें. तेथें मंगळूर व आसपासच्या भागांत तीन वर्षें अनवाणी फिरून त्यांनीं मोडलेल्या धर्मग्रामांची घडी बसविली. अधिकार कोणाचा, गोव्याचा कीं रोमच्या प्रतिनिधीचा, असा मोठा वाद तेथें माजला होता. दोन मोठ्यांच्या भांडणांत सांपडून आपलें काम कसें चालू ठेवावें, ही विद्या त्यांस तेथेंच मिळाली. इच्छेविरुद्ध काढलेलीं तीन वर्षें पुढें लंकेंत कामास आलीं.

१६८६ सालीं जोआंव नांवाच्या एका सेवकास घेऊन ते गोव्यांतून निघाले. तुतिकोरिन येथें तमिळ भाषेची ओळख करून घेतली. १६८७ सालीं मजुराच्या वेषांत ते गलबतांत चढले. वादळानें गलबत भरकटलें. जाफन्यास पोंचले तों वाझांस अतिसार जडला होता. रोगाच्या भयानें लोकांनीं त्यांस दूर ठेविलें, आणि चरित्रकार सांगतात कीं, एका बाईनें आणून दिलेल्या कांजीवर दोघे जगले. बरे झाल्यावर ते गळ्यांत जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागूं लागले. भिक्षा मागणें ही लाज. परंतु त्याच निमित्तानें प्रत्येक घराचें दार उघडे. जपमाळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो, हें ते बघत. अशा रीतीनें लपलेले कॅथॉलिक त्यांनीं एकेक करून शोधून काढले. भिकाऱ्याची झोळी ही त्यांची जनगणनेची वही झाली.

वलंदेजांचा पाठलाग वाढला तेव्हां ते पुत्तलमकडे गेले, आणि १६९२ सालीं राजा दुसरा विमलधर्मसूर्य याच्या कँडी राजधानीस पोंचले. पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांस तेथें बंदींत टाकण्यांत आलें. आम्ही या प्रसंगावर येऊन नेहमीं थांबतों. चाळिशी ओलांडलेला माणूस. देश परका, भाषा परकी, सोबतीस एक मुलगा, सुटकेचा दिवस कोणी सांगत नाहीं. आमचा तो पडवींतील बांधव आणि हा बंदिवान यांच्या वयांत फारसें अंतर नाहीं.

वाझांनीं काय केलें? ते सिंहली भाषा शिकूं लागले. तेथें शब्दकोश नव्हता, शिक्षक नव्हता. पहारेकरी होते आणि शेजारचे लोक होते. त्यांच्याशीं बोलतां बोलतां ते शिकले. पहारा सैल झाला तेव्हां त्यांनीं एक झोपडी बांधली, तींत लाकडाची वेदी मांडली, आणि राजधानींतील ख्रिस्ती लोक रात्रीं तेथें जमूं लागले. सुटका झाल्यावर काम करूं असें ते म्हणाले नाहींत. जेवढी दोरी सैल होई तेवढ्यांतच त्यांनीं कामास आरंभ केला. तुरुंगांत आले तेव्हां ते तमिळ जाणणारे प्रवासी होते. बाहेर पडले तेव्हां सिंहली लोकांशीं त्यांच्याच भाषेंत बोलणारे धर्मगुरु झाले होते. तमिळ व सिंहली भाषांत त्यांनीं प्रार्थना सिद्ध केल्या. त्याच पायावर पुढें दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस यांनीं, १७०५ सालीं लंकेंत येऊन, सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाची इमारत उभी केली.

१६९७ सालीं गोव्याहून सहकारी आले, तोंपर्यंत सुमारें दहा वर्षें साऱ्या बेटावर ते एकटेच धर्मगुरु होते. त्याच वर्षीं कँडींत देवीची साथ आली. राजा व सरदार नगर सोडून गेले. घरच्यांनीं आजाऱ्यांस रानांत नेऊन टाकिलें. वाझ व फादर कार्व्हाल्यो यांनीं त्यांच्यासाठीं निवारे उभारिले, जखमा धुतल्या, अन्न भरविलें, मृतांस मूठमाती दिली. धर्म विचारला नाहीं. जाफन्यास रोगामुळें टाकलेल्या मनुष्यास, टाकलेल्या रोग्याची व्यथा दुसऱ्यानें सांगावी लागली नाहीं. साथ ओसरल्यावर राजानें त्यांस राज्यांत मोकळेपणें काम करूं दिलें. ज्यांस हेर म्हणून बांधलें, त्यांच्यावर राजाचा विश्वास बसला तो वादविवादानें नव्हे, सेवेनें.

१६ जानेवारी १७११ रोजीं कँडींत त्यांचें देहावसान झालें. १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें.

वाचकहो, या चरित्रांतून आम्ही काय घ्यावें? दुःख हेंच चांगलें, असें मुळींच नव्हे. देवीच्या साथीस वाझांनीं देवाची कृपा म्हटलें नाहीं. ते पाणी आणि कापड घेऊन रोग्याकडे गेले. जो कर्जांत आहे त्यास सहनशीलतेचें प्रवचन देणें सोपें आहे; आम्ही तेंच केलें होतें. संताचा मार्ग वेगळा आहे. ही जागा मला कोणती भाषा शिकवूं शकते, असें त्यांनीं विचारिलें. हातीं जें आहे, झोळी असो, झोपडी असो, त्यांतच आरंभ केला. आणि आपण भोगलेलें दुसऱ्याच्या उपयोगीं लाविलें.

हें सुचल्यावर आम्ही त्या बांधवाच्या घरीं गेलों. या खेपेस उपदेश केला नाहीं. तेथें तूं काय काय शिकलास, एवढेंच विचारिलें. तो बराच वेळ बोलत राहिला. एसी व फ्रिज दुरुस्तीचें काम त्यास उत्तम येतें, हें आम्हांस तोंपर्यंत ठाऊकच नव्हतें; आम्ही विचारलेंच नव्हतें. आज धर्मग्रामाच्या एका जुन्या खोलींत तो काम करितो, आणि गांवचीं दोन मुलें त्याच्या हाताखालीं शिकत आहेत. त्यांतील एक हिंदु आहे, एक ख्रिस्ती. कर्ज अद्यापि फिटलेलें नाहीं. परंतु मिस्सेनंतर तो आतां मान खालीं घालून निघून जात नाहीं. दारापाशीं थांबतो, आणि नव्यानें परत आलेल्या कोणाची तरी चौकशी करितो.

संत जोजेफ वाझ, आमच्यासाठीं प्रार्थना करा.