रीफ टँकमध्ये निळाच उजेड का असतो? प्रवाळांसाठी एलईडीचे रंग कसे निवडायचे?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. निळ्या उजेडात न्हालेली काचेची टाकी आणि त्यात रेडियमच्या स्टिकरसारखी चमकणारी हिरवी, केशरी, गुलाबी प्रवाळं. अशा व्हिडिओखाली दोन प्रश्न हमखास विचारले जातात. 'हे रंग खरे आहेत का?' आणि 'ही लाइट कोणती?'

पहिला प्रश्न कुतूहलाचा आहे. दुसऱ्याचं उत्तर चुकलं, तर वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ काही दिवसांत पांढरंफटक पडू शकतं. गंमत म्हणजे अनेकदा ही चूक उजेड कमी पडल्याने होत नाही, तर 'निळा उजेड मंद दिसतोय, जरा वाढवूया' असं वाटल्याने होते. हे का घडतं आणि रंग निवडताना काय पाहायचं, ते समजून घेऊया.

प्रवाळाला उजेड लागतोच कशाला?

आपल्याला प्रवाळ माहीत असतं ते अंगठीतलं पोवळं म्हणून. ते लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येतं. तिथे ते कपारींत आणि गुहांत, अंधुक उजेडात वाढतं. त्याला जगायला सूर्यप्रकाशाची गरज नसते.

उथळ, उबदार समुद्रात प्रवाळभित्ती बांधणारी प्रवाळं मात्र वेगळी आहेत. प्रवाळ ही वनस्पती नाही, तो प्राणी आहे. या प्राण्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. बदल्यात त्यांना राहायला सुरक्षित जागा आणि खतासारखी पोषकद्रव्यं मिळतात. घरमालक आणि भाडेकरूसारखंच हे नातं आहे, फक्त भाडं साखरेच्या रूपात दिलं जातं. काही प्रवाळांची 90 टक्क्यांपर्यंतची ऊर्जेची गरज यातून भागू शकते.

म्हणजे लाइट घ्यायची ती या भाडेकरूंसाठी. त्यांना कोणता रंग चालतो, हा खरा प्रश्न आहे.

मग निळाच रंग का?

याचं पहिलं कारण पाण्यात आहे. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात, पण पाणी ते सारख्या प्रमाणात खाली जाऊ देत नाही. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच बहुतेक शोषला जातो. त्यानंतर केशरी आणि पिवळा कमी होतो. स्वच्छ समुद्रात सर्वात खोलवर पोहोचतो तो निळा. म्हणून दहा-पंधरा मीटर खोलीवरच्या प्रवाळाच्या वाट्याला मुख्यतः निळा उजेड येतो.

दुसरं कारण शैवालांत आहे. त्यांच्यातली हरितद्रव्यं आणि पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य मिळून साधारण 400 ते 550 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळ्यापासून निळसर हिरव्यापर्यंतचा प्रकाश चांगला टिपतात.

हरितद्रव्य लाल प्रकाशही शोषतं. मग लाल दिवे वाढवले तर? 2014 मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञानपत्रिकेत स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लाल प्रकाशाचा प्रवाळाच्या आरोग्यावर आणि त्याच्यातल्या शैवालांच्या संख्येवर वाईट परिणाम दिसला. त्यामुळे भाजीपाला किंवा झाडं वाढवण्यासाठी मिळणारे लाल-जांभळे 'ग्रो लाइट' रीफ टँकवर लावू नयेत.

ती चमक खरी असते का?

हो, खरी असते. अनेक प्रवाळांमध्ये फ्लुरोसंट प्रथिनं असतात. ती निळा किंवा जांभळा प्रकाश शोषतात आणि हिरवा, केशरी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. असं पहिलं हिरवं प्रथिन 1962 मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून वेगळं केलं. पुढे 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर चिएन यांना याच प्रथिनावरच्या कामासाठी मिळालं. प्रवाळवर्गातल्या प्राण्यांमध्येही अशी प्रथिनं असल्याचं 1999 मध्ये समोर आलं.

पांढऱ्या उजेडात ही चमक झाकोळली जाते, निळ्या उजेडात ती उठून दिसते. मात्र चमक म्हणजे तब्येत नव्हे. निळ्या-जांभळ्या उजेडात एखादं अशक्त प्रवाळही झगमगताना दिसू शकतं.

आपला डोळा इथे कसा फसतो?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. माणसाच्या डोळ्याला 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट पिवळा प्रकाश सर्वात तेजस्वी दिसतो. तितक्याच ऊर्जेचा 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्याच्या जेमतेम 4 टक्के तेजस्वी भासतो. म्हणून निळी टाकी आपल्याला 'मंद' वाटते, पण शैवालांसाठी तोच उजेड भरपूर असू शकतो.

उजेड गरजेपेक्षा जास्त झाला की शैवालांच्या अन्न बनवण्याच्या यंत्रणेवर ताण येतो आणि पेशींना घातक असे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. मग प्रवाळ शैवालांना बाहेर काढतं. त्याचा रंग जातो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात पाणी तापल्यावर जे घडतं, तेच टाकीत लाइटच्या एका बटनाने घडू शकतं.

लुमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्याला धरून बनवलेली आहेत, त्यामुळे निळ्या टाकीत तीही दिशाभूल करतात. इथे पाहायचं ते 'पार'. वनस्पती आणि शैवालं वापरू शकतात असा 400 ते 700 नॅनोमीटरचा प्रकाश किती पोहोचतोय, हे त्यातून कळतं. पार मीटर महाग असतो, पण रोज लागत नाही. एकदा कुणाकडून मागून आणला किंवा भाड्याने घेतला तरी काम होतं.

कोणता रंग कशासाठी?

चांगल्या रीफ लाइटमध्ये प्रत्येक रंगाचं वेगळं चॅनेल असतं आणि ते कमी-जास्त करता येतं.

• रॉयल ब्लू (साधारण 440 ते 460 नॅनोमीटर): हा पाया. शैवालांचं अन्न आणि प्रवाळाची चमक, दोन्हींसाठी सर्वात महत्त्वाचा.

• निळा (साधारण 465 ते 485): रॉयल ब्लूला जोड देतो. पेरिडिनिनला उपयोगी आणि डोळ्याला थोडा मोकळा वाटणारा.

• जांभळा (साधारण 400 ते 430): काही प्रवाळांचे रंग खुलवतो. डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच तो जपून वाढवावा.

• पांढरा: बहुतेक पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. त्यामुळे त्यातून हिरवा आणि लालही मिळतो. मासे आणि टाकी नैसर्गिक दिसावी म्हणून तो हवा, पण बेतानेच.

• लाल आणि हिरवा: चवीपुरतं मीठ समजा. पांढऱ्यातून ते मिळत असल्याने वेगळे चॅनेल अगदी कमी ठेवले किंवा बंद ठेवले तरी चालतं.

सुरुवातीला निळ्या गटातले चॅनेल मुख्य ठेवून पांढरा त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका ठेवता येतो. मात्र प्रत्येक लाइटमध्ये एलईडींची संख्या वेगळी असते. त्यामुळे दुसऱ्याच्या व्हिडिओतले टक्के जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. त्याच्या लाइटचे 60 टक्के म्हणजे तुमच्या लाइटचे 60 टक्के नव्हेत.

किती उजेड, किती तास?

प्रवाळ कोणतं आहे, त्यावर हे ठरतं. रीफ टँक पाळणाऱ्यांमध्ये वापरले जाणारे साधारण आकडे असे आहेत. 'पार'चे हे आकडे प्रवाळ जिथे ठेवलंय, त्या जागी मोजायचे असतात.

• मशरूम आणि मऊ प्रवाळं: 50 ते 100
• हॅमर, टॉर्च यांसारखी मोठ्या पॉलिपची दगडी प्रवाळं: 80 ते 150
• अ‍ॅक्रोपोरासारखी लहान पॉलिपची दगडी प्रवाळं: 200 ते 350

तुलनेसाठी, उष्ण कटिबंधात भर दुपारच्या उन्हात हा आकडा 2000 च्या आसपास जातो. दुसऱ्या टोकाला सन कोरल आहे. त्याच्या शरीरात शैवालं नसतात. त्याला उजेड नको, नियमित खाणं हवं.

नवी लाइट लावली किंवा नवं प्रवाळ आणलं, तर पहिल्या दिवशी पूर्ण ताकद कधीच देऊ नका. ठरवलेल्या पातळीच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर न्या. दिवसातून 8 ते 10 तास उजेड पुरतो. सकाळी आणि संध्याकाळी फक्त निळा आणि मधल्या चार-पाच तासांत पांढऱ्यासह पूर्ण उजेड अशी विभागणी सोयीची पडते. रात्री मात्र अंधारच हवा. शोभेसाठी रात्रभर निळी लाइट चालू ठेवणं चुकीचं आहे.

चूक झाली हे कसं ओळखायचं?

प्रवाळ फिकट होऊ लागलं, पॉलिप दिवसभर आक्रसलेले राहिले, तर उजेड जास्त असण्याची शक्यता आधी तपासा. लाइट थोडी कमी करा किंवा प्रवाळ खाली अथवा सावलीत हलवा. प्रवाळ तपकिरी पडत असेल, तर शैवालांची संख्या वाढली आहे. यामागे कमी उजेड किंवा पाण्यात वाढलेलं नायट्रेट, फॉस्फेट असू शकतं. पॉलिप उजेडाकडे ताणून लांबट होत असतील, तर उजेड कमी पडत असावा.

एका वेळी एकच बदल करा आणि एक-दोन आठवडे वाट पाहा. रोज अ‍ॅप उघडून रंग बदलत बसलात, तर नेमकं काय बिघडलं ते कधीच कळणार नाही. आठवड्यातून एकदा, तेवढ्यापुरता पांढरा उजेड लावून प्रवाळ पाहा, कारण निळ्या उजेडात फिकेपणा लपतो.

लाइट घेताना आणखी काय पाहावं?

खोक्यावरचा '20,000 केल्विन' हा आकडा उजेड किती निळसर दिसेल एवढंच सांगतो. त्यात कोणत्या तरंगलांब्या किती आहेत, ते त्यातून कळत नाही. म्हणून कंपनीने दिलेला स्पेक्ट्रमचा आलेख आणि वेगवेगळ्या खोलीवरचे पारचे आकडे पाहा. रंगीत एलईडी दूरदूर बसवलेले असतील, तर वाळूवर डिस्कोसारख्या रंगीत सावल्या पडतात. टाकी रुंद असेल तर एकाच प्रखर लाइटपेक्षा दोन सौम्य लाइट बऱ्या, कारण उजेड सारखा पसरतो. पेटलेल्या निळ्या-जांभळ्या एलईडीकडे थेट टक लावून पाहू नये.

मोबाइलवर फोटो निव्वळ निळा येतो, कारण कॅमेरा एवढ्या निळ्या उजेडासाठी बनलेला नसतो. लेन्सपुढे केशरी किंवा पिवळा फिल्टर धरला की फरक लगेच दिसतो. त्यासाठी लाइटचं सेटिंग बदलायची गरज नाही.

भारतात प्रवाळं पाळता येतात का?

लाइट घेण्याआधी हे वाचाच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारी सर्व दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे आहेत. वाघाला ज्या अनुसूचीत संरक्षण आहे, तीच ही अनुसूची. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं किंवा तो विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. त्यासाठी 3 ते 7 वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळची प्रवाळं हलवण्यासाठी महापालिकेलाही वन्यजीव कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागली होती.

जगात दगडी प्रवाळांच्या व्यापारावर 'साइटीस' कराराचं नियंत्रण आहे. त्यामुळे 'इम्पोर्टेड आहे, चालतं' असं दुकानदाराने सांगितलं, तरी तेवढ्यावर भागत नाही. आधी वन विभागाकडे चौकशी करा. अमेरिका, युरोप किंवा सिंगापूरमध्ये राहणाऱ्यांनीही प्रवाळ कुठून आलं ते विचारावं आणि शक्यतो टाकीतच वाढवलेलं प्रवाळ घ्यावं.

थोडक्यात

पाया निळ्याचा, पांढरा बेताचा, लाल-हिरवा नावापुरता. ताकद डोळ्याने ठरवू नका, मीटरने मोजा. सुरुवात कमीवर करा आणि सावकाश वाढवा. टाकी मंद दिसतेय म्हणून स्लायडर वर सरकवण्याआधी एवढं आठवा, की तो उजेड आपल्यासाठी नाही. तो प्रवाळाच्या पोटात राहणाऱ्या, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालांसाठी आहे.